मंजुळाची बाजू

मोहिनीला ज्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं, त्याच्या नावापाशीच निम्म्या लोकांचं अडलं. अवसरी खुर्दच्या एका सभागृहात नर्सिंग आणि सार्वजनिक आरोग्य शिकवणारी मंडळी जमली होती. पुण्याहून आलेल्या डॉ. तेजस्विनींनी फळ्यावर 'ॲडव्होकसी' लिहिलं, त्याखाली 'पैरवी' लिहिलं, आणि समोरचे चेहरे बघून दोन्ही शब्द पुसून टाकले.

"म्हणजे वकिलीच ना मॅडम?" मागून सुदर्शन सरांनी विचारलं. सर जुन्नरकडच्या एका कॉलेजात शिकवायचे आणि निवृत्तीला आले होते. "आता पोरींना सलाईन लावायचं सोडून भांडायला शिकवायचं का?"

सगळे हसले. तेजस्विनीही हसल्या. मग म्हणाल्या, "सर, भांडणारा माणूस मन मोकळं करून घरी जातो. आपल्याला परत परत जावं लागतं. ज्याच्यावर वेळ आली त्याची बाजू मांडायची, आणि ती अशी मांडायची की तीच वेळ पुढच्या माणसावर येऊ नये. याला तुम्ही काय नाव द्याल ते द्या."

पुढचे दिवस त्यांनी हेच घासून घेतलं. काय मागायचं, कुणाकडे मागायचं, आणि ते त्याच्या हातात आहे का? हातात नसलेलं मागितलं तर साहेब हळहळतात आणि चहा पाजून वाटेला लावतात. हातात असलेलं मागितलं तर त्यांना उत्तर द्यावं लागतं. मोहिनी सगळं मन लावून ऐकत होती. ती मंचरजवळच्या एका नर्सिंग कॉलेजात सामुदायिक आरोग्य शिकवायची. राहायला अवसरीतच, इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांनी भरलेल्या गल्लीत एका भाड्याच्या खोलीत. पण तिचा जन्म पश्चिमेच्या डोंगरातला. श्रावणात तिचे वडील भीमाशंकरच्या वाटेवर कणसं भाजून विकायचे, आणि ती आश्रमशाळेतून शिकत शिकत इथवर आली होती. बोलणं हे मोठ्या घरच्या लोकांचं काम, असं तिच्या मनाने लहानपणीच धरून ठेवलं होतं. प्रशिक्षणातही प्रत्येकाला उभं राहून बोलायला लावलं तेव्हा ती आपला नंबर शेवटी यावा म्हणून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती.

शेवटच्या दिवशी तेजस्विनी म्हणाल्या, "शिकवायचं ते खोटं उदाहरण घेऊन शिकवू नका. तुमच्या तालुक्यात पावसाळ्यानंतर जनसुनावणी आहे. लोक तिथे दवाखान्यांबद्दलच्या तक्रारी मांडतात, अधिकारी समोर बसलेले असतात. तुमच्या विद्यार्थिनींना तिथे एका तरी माणसाची बाजू मांडू द्या."

त्याच आठवड्यात मंजुळा गेली.

उंबरमाळ ही घोड नदीच्या वरच्या अंगाची वाडी, मोहिनीच्या वाडीपासून एक खिंड ओलांडली की येणारी. मंजुळा तिथल्या गोकुळची बायको. भाताची लावणी चालू होती. दिवसभर चिखलात वाकून अंग आंबलेलं, म्हणून जमिनीवरच घोंगडी टाकून झोपली. पहाटे तिला मण्यार चावली. मण्यारीचा दंश फार दुखत नाही. तिला वाटलं, मुंगळा डसला असेल. फटफटलं तेव्हा ती म्हणाली, डोळे उघडत नाहीत. पापण्या मिटत होत्या आणि जीभ जड झाली होती. गोकुळने आणि त्याच्या आईने, झुंबरबाईने, तिला वाडीतल्या जीपमध्ये घातलं आणि खालच्या गावातल्या आरोग्य केंद्रात आणलं.

तिथे डॉक्टर नव्हते. आधीच्या डॉक्टरांची बदली झाली होती आणि शेजारच्या केंद्राच्या डॉक्टरांकडे जादा कारभार होता. एकच नर्स होती. तिने मंजुळाचे डोळे पाहिले, फोन लावून पाहिला, परत लावला, आणि म्हणाली, इथे थांबू नका, मंचरला न्या. मग ती आत गेली आणि दार लावून घेतलं. मंचरच्या वाटेवर, धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने जीप जात असताना, झुंबरबाईच्या मांडीवर मंजुळाचा श्वास थांबला.

सर्पदंशाची लस केंद्रातल्या फ्रिजमध्ये होती. ही गोष्ट दहाव्यानंतर बाहेर आली, आणि सगळ्या खोऱ्यात पेटली.

मोहिनीने वर्गात विषय काढला तेव्हा मुलींना तो आधीच ठाऊक होता. बोलायचं काम संस्कृतीकडे जाणार, हे कुणी न सांगताच ठरलं. संस्कृती राजुरीची, बऱ्या बागायतदाराच्या घरची. बोलायला धीट, वक्तृत्वाच्या ढाली कॉलेजच्या कपाटात ठेवायला जागा उरली नव्हती. दोन दिवसांत तिने भाषण तयार केलं आणि वर्गात करून दाखवलं. चिखलात राबणारी मंजुळा, मिटत जाणाऱ्या पापण्या, आणि शेवटी आवाज चढवून, "लस चार पावलांवर होती! मग दार कुणी लावलं? मंजुळाच्या मृत्यूला जबाबदार कोण?" पुढच्या बाकावरच्या मुली रडू लागल्या. टाळ्या पडल्या.

मोहिनीला टाळ्या वाजवता आल्या नाहीत. दार कुणी लावलं हे तिला माहीत होतं. त्या केंद्रातली नर्स अश्विनी. सहा-सात वर्षांपूर्वी याच वर्गात, खिडकीजवळच्या बाकावर बसायची.

"छान बोललीस," ती संस्कृतीला म्हणाली. "पण आपण दार लावणारीशी अजून बोललेलो नाही."

"तिच्याशी काय बोलायचं मॅडम? ती स्वतःला वाचवायलाच बघणार."

"बघू दे. तरी ऐकायला पाहिजे."

रविवारी दोघी एसटीने गेल्या. केंद्राच्या मागे नर्सची खोली होती. अश्विनीने दार उघडलं, मोहिनीला पाहून तिचा चेहरा आधी फुलला आणि मग संस्कृतीकडे नजर गेल्यावर उतरला.

"तुमच्या कॉलेजच्या मुली जनसुनावणीत बोलणार आहेत, असं ऐकलं मी," ती म्हणाली. "माझ्याविरुद्ध बोलायला तुम्ही शिकवताय त्यांना?"

"काय झालं ते विचारायला आलोय."

अश्विनीने पाणी आणून ठेवलं. गॅसवर चहाचं आधण ठेवलं आणि ते तसंच उकळत राहिलं.

"आत बाई अडलेली होती," शेवटी ती म्हणाली. "पहिलटकरीण. बाळाचं डोकं दिसायला लागलं होतं, आणि मी एकटी. शिपाई भात लावायला गेलेला. तेवढ्यात ही जीप आली. मी बाहेर येऊन बघितलं, मला कळलं मण्यारीचं आहे. मला कळलं, मॅडम. डॉक्टरांना फोन लावला, ते घाटात होते, रेंज नव्हती. अँब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन गेली होती. ऑर्डरशिवाय लस लावायची नाही, रिॲक्शन आली तर सांभाळायला डॉक्टर जवळ पाहिजे, हेच शिकलो ना आपण? आणि आतली बाई ओरडत होती. मी कुणाकडे बघायचं होतं?"

संस्कृती खाली बघत होती.

"बाळ?" मोहिनीने विचारलं.

"आहे. मुलगी आहे. दोघी चांगल्या आहेत." अश्विनीने डोळे पुसले नाहीत, ते आपोआप वाहत होते. "मंजुळाचं कळलं तेव्हा मी त्या आतल्या बाईच्या बाळाला अंघोळ घालत होते. तेव्हापासून वाटतं, लावून टाकायला पाहिजे होती लस. मग वाटतं, लावली असती आणि इथेच गेली असती तर? मग वाटतं, तरी लावायला पाहिजे होती. काय करायचं ते करा मॅडम. मला झोप येत नाही एवढंच आहे."

परतीची एसटी निघाली. डिंभे धरणाच्या पाण्यावर पाऊस पडत होता. संस्कृती म्हणाली, "मॅडम, आता माझ्या भाषणात काय उरलं? कुणावर बोट ठेवायचं?"

"बोट ठेवायला माणूस सापडला की सगळ्यांना बरं वाटतं," मोहिनी म्हणाली. "साहेबांनासुद्धा. ते उभे राहतील आणि म्हणतील, त्या नर्सला निलंबित करतो. ते त्यांच्या हातात आहे ना. टाळ्या पडतील. आणि दुसऱ्या दिवशी त्या केंद्रात जी एक होती तीही नसेल."

हे बोलताना तिला स्वतःलाच ते पहिल्यांदा स्वच्छ दिसलं. हातात असलेलं मागा, असं तेजस्विनींनी शिकवलं होतं. पण साहेबांच्या हातात जे सगळ्यात सहज होतं, तेच सगळ्यात चुकीचं होतं. तिने संध्याकाळी पुण्याला फोन केला. तेजस्विनींनी ऐकून घेतलं. "हा पेच मी तुम्हाला वर्गात दिला नाही," त्या म्हणाल्या, "कारण त्याचं एक उत्तर नसतं. पण एक सांगते. घरच्यांना अंधारात ठेवून त्यांच्या माणसाची बाजू मांडू नका. आधी त्यांच्याकडे जा."

मोहिनी एकटीच उंबरमाळला गेली. खिंडीतून उतरताना पाय ओळखीने पडत होते. झुंबरबाई ओट्यावर बसली होती. तिने मोहिनीला ओळखलं. "तू बाळूची ना गं? कणसंवाल्याची? ये, ये, बाय." मांडीवर मंजुळाचा धाकटा झोपला होता. गोकुळ आतून आला. तो मंचरच्या बाजारात बटाट्याच्या गोण्या उचलायच्या कामाला होता. बायको गेल्यापासून कामावर गेला नव्हता.

मोहिनीने काही लपवलं नाही. अश्विनी आपली विद्यार्थिनी होती, हे आधी सांगितलं. मग अडलेल्या बाईचं सांगितलं, फोनचं सांगितलं, आणि जनसुनावणीत आपल्या मुली काय मागणार आहेत तेही सांगितलं. केंद्राला स्वतःचा डॉक्टर. एका पाळीला दोन नर्स. आणि डॉक्टर जागेवर नसले तर तालुक्याच्या रुग्णालयातल्या कुठल्याही डॉक्टरने फोनवर सांगितलं की नर्सने लस चालू करायची, असा लेखी आदेश.

गोकुळने सगळं ऐकलं. मग तो म्हणाला, "झालं तुमचं?"

"हो."

"तुमी आमच्या डोंगरातल्या. आमाला वाटलं आमच्या बाजूनं आला. तुमी तर तुमच्या पोरीला वाचवाया आला."

"तिला वाचवायला नाही आले, भाऊ. तिची चौकशी व्हायची ती होईल. मी मध्ये पडणार नाही. पण तिला काढलं आणि प्रकरण मिटलं, असं व्हायला नको."

"अहो, माझी बायको दारात पडली व्हती!" गोकुळचा आवाज चिरकला. "फ्रिजात औशिद व्हतं! आतल्या बाईला पोर व्हायचं व्हतं, ते काय थांबलं असतं का मेलं असतं? आमचं माणूस मरत व्हतं. तिला कळत व्हतं. तुमीच म्हणता तिला कळत व्हतं!"

ओट्यासमोर छपराच्या पागोळ्या गळत होत्या. झुंबरबाई नातवाच्या अंगावरचं फडकं सारखं करत हळूच म्हणाली, "आतून आवाज येत व्हता खरा. बाई कण्हत व्हती. मला ऐकू आलं."

गोकुळने वळून आईकडे पाहिलं. "मग तू बोलली का नाय?"

"काय बोलू? मंजुळा माझ्या हातावर व्हती."

गोकुळ पायऱ्या उतरून पावसातच निघून गेला. झुंबरबाईने मोहिनीला थांबवून घेतलं, नाचणीची भाकरी आणि भाजी वाढली. निघताना म्हातारी म्हणाली, "त्यो येईल का नाय मला ठावं न्हाई. मी येईन."

पुढच्या दिवसांत वर्गातली हवा बदलली. संस्कृतीने भाषण फाडलं नाही, पण त्यातला अर्धा भाग काढून टाकला. मुली दोघी-दोघी मिळून खोऱ्यातल्या वाड्यांवर गेल्या, लोकांशी बोलल्या, गेल्या पावसाळ्यात कुणाकुणाला साप चावला आणि त्यांचं काय झालं ते विचारून आल्या. मोहिनी वर्गात साहेब व्हायची आणि त्यांना उलटसुलट प्रश्न विचारायची. "पदं वरून भरली जातात, माझ्या हातात नाही." "तुम्ही शिकायला आला आहात, शिका." "नर्सवर कारवाई करतो, मग तर झालं?" पहिल्यांदा संस्कृती या शेवटच्या प्रश्नाला अडखळली. दुसऱ्यांदा चिडली. कितव्यांदा तरी ती शांतपणे म्हणाली, "ती तुमची चौकशी, साहेब. आमची मागणी वेगळी आहे," आणि मागणी परत पहिल्यापासून सांगितली. वर्गात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मोहिनीला वाटलं, आता ही तयार झाली.

साहेब होताना मोहिनीला एक गंमत कळली. तिचा स्वतःचा आवाज मोठा होत होता. खुर्चीत टेकून बसून नाही म्हणणं किती सोपं असतं, आणि समोर उभं राहून परत विचारणं किती अवघड, हे तिला दोन्ही बाजूंनी कळत होतं.

जनसुनावणीला मंगल कार्यालय भरलं होतं. व्यासपीठावर तालुक्याचे अधिकारी आणि जिल्ह्याहून आलेले एक वरिष्ठ साहेब. मागच्या रांगेत कर्मचारी, त्यात अश्विनी, पांढऱ्या गणवेशात, नजर खाली. झुंबरबाई पुढे बसली होती. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. सुदर्शन सरही आले होते, स्वतःच्या दोन विद्यार्थिनींना घेऊन. मोहिनीला बघून त्यांनी लांबूनच मान हलवली.

संस्कृतीचं नाव पुकारलं. तिने झुंबरबाईकडे बघून सुरुवात केली. मंजुळाचं नाव घेतलं, ती कशी गेली ते चार वाक्यांत सांगितलं, आवाज न चढवता. मग त्या दिवशी केंद्रात काय होतं आणि काय नव्हतं ते सांगितलं. अडलेल्या बाईचंही सांगितलं. लोकांत कुजबुज झाली. बऱ्याच जणांना हे ठाऊक नव्हतं. मग तिने तीन मागण्या मांडल्या आणि उभी राहिली.

वरिष्ठ साहेबांनी घसा खाकरला. "घटना दुर्दैवी आहे. आम्ही गांभीर्याने घेतली आहे. संबंधित नर्सने कर्तव्यात कसूर केल्याचं प्रथमदर्शनी दिसतं. तिला मी आजच्या आज निलंबित करतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मोहिनीने मागे पाहिलं. अश्विनी उठून उभी राहिली होती, बहुतेक बाहेर जायला, आणि तिथेच थांबली होती.

संस्कृती थांबली. टाळ्या थांबेपर्यंत थांबली. "साहेब, चौकशी तुम्ही करा. आमची मागणी ती नाही. आम्ही डॉक्टर मागतोय, दुसरी नर्स मागतोय आणि लेखी आदेश मागतोय."

"पदं भरणं शासनाच्या पातळीवर असतं, बाळ."

"आदेश तुमच्या पातळीवर आहे."

साहेबांच्या कपाळावर आठी आली. ते झुंबरबाईकडे वळले. "आजी, तुम्ही सांगा. ही मुलं शिकायला येतात, बोलतात, जातात. माणूस तुमचं गेलं. तुम्हाला न्याय मिळाला का नाही?"

झुंबरबाई उठली. एका हाताने खुर्ची धरून ती पदर सावरू लागली. मोहिनीला जाऊन म्हातारीचा हात धरावासा वाटला, आणि जाऊ नये असंही वाटलं. तेवढ्यात दाराकडून आवाज आला.

"मी सांगतो."

गोकुळ होता. केव्हा आला कुणी पाहिलं नव्हतं. दाढी वाढलेली, अंगात बाजारात घालायचा मळका शर्ट. तो पुढे आला नाही, दारातच चौकटीला धरून उभा राहिला.

"मी तिचा नवरा. त्या बाईचं तुमी काय करायचं ते करा. मला तिचं तोंड बघायचं नाय, आन् मी तिला माफ बी केलं नाय." त्याने एकदा अश्विनीकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. "पण तुमी तिला काढली. बरं केलं. आता मला येवढंच सांगा साहेब, उद्या सकाळी त्या दवाखान्यात कोण हाय?"

साहेबांनी तालुक्याच्या अधिकाऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी समोरची पाण्याची बाटली हातात घेतली.

"उद्या माझं पोरगं न्यायची वेळ आली, तर दार कोण उघडंल? नाव सांगा त्याचं. दुसरं कायबी नको मला."

मागून एक बाई म्हणाली, "सांगा की." मग दुसरं कुणी. मग सुदर्शन सर उठले. "साहेब, प्रश्न साधा आहे," ते म्हणाले आणि बसले नाहीत. त्यांच्या मुलीही उठल्या. मोहिनी तिसऱ्या रांगेत होती. तिला जन्मात भर सभेत बोलायची सवय नव्हती. ती उठली आणि म्हणाली, "मी शिकवते, साहेब. एकटीने दोन जीव सांभाळायचे असतात तेव्हा काय करायचं, हे मला माझ्या मुलींना शिकवता येत नाही. ते कुठल्याच पुस्तकात नाही. म्हणून तुम्ही लिहून द्या." तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला.

त्या दिवशी सगळं मिळालं नाही. निलंबन मागे घेतलं गेलं, पण अश्विनीला नोटीस निघाली आणि पुढे दूरच्या एका उपकेंद्रात तिची बदली झाली. फोनवरच्या आदेशाचं पत्र देऊ, असं साहेबांनी सभेत कबूल केलं. ते पत्र आपोआप आलं नाही. संस्कृती आणि तिच्या मैत्रिणी त्यासाठी दर पंधरवड्याला कचेरीत जात राहिल्या. आधी त्यांना बसायला सांगत, मग उभं ठेवत, मग शिपाई त्यांना बघून हसू लागला. दिवाळीनंतर पत्र निघालं. डॉक्टर यायला उन्हाळा उजाडला. दुसऱ्या नर्सची जागा अजून रिकामी आहे. संस्कृतीची पदवी झाली तेव्हा तिने ते कचेरीत जाण्याचं काम पुढच्या वर्गातल्या मुलींना सोपवलं. आता त्या जातात.

अश्विनी बरेच महिने मोहिनीचा फोन उचलत नव्हती. एकदा उचलला. दोघींनी पावसाबद्दल, आईच्या गुडघ्यांबद्दल बोलून घेतलं. ठेवता ठेवता अश्विनी म्हणाली, "त्या दिवशी तुमच्या मुलीने आतल्या बाईचं सांगितलं. आधी कुणी सांगितलं नव्हतं." एवढंच. मोहिनीला वाटलं, हे कमी नाही. आणि पुरेसंही नाही.

पुढच्या पावसाळ्यात, लावणीच्याच दिवसांत, पलीकडच्या वाडीतला एक माणूस केंद्रात आणला गेला. मण्यारच. नवे डॉक्टर त्या दिवशी सुट्टीवर होते. अश्विनीच्या जागी आलेल्या नर्सने तालुक्याच्या रुग्णालयात फोन लावला, पलीकडच्या डॉक्टरने सांगितलं तसं औषध चालू केलं, ती त्याच्याजवळ बसून राहिली, आणि मग त्याला मंचरला हलवलं. तो वाचला. आठवडाभरात घरी आला.

ही बातमी झुंबरबाईला आपण होऊन सांगावी असं मोहिनीला वाटलं. ती उंबरमाळला गेली तेव्हा म्हातारी ओट्यावर रानभाजी निवडत होती. नातू आता चालायला लागला होता, भिंतीला धरून. गोकुळ खाचरात होता, लांब वाकलेला दिसत होता. मोहिनीने सगळं सांगितलं.

"वाचला?" झुंबरबाईने विचारलं.

"वाचला."

"बरं झालं, बाय. लई बरं झालं. त्याला बी लेकरं असतील."

"दोन आहेत."

झुंबरबाईने मान डोलावली. थोडा वेळ पानं खुडत राहिली. मग हात थांबले.

"आन् औशिद द्यायला लई येळ लागला का गं?"

"नाही, झुंबरकाकी. लगेच दिलं."

"लगेच," म्हातारी म्हणाली. तिने समोरच्या डोंगराकडे पाहिलं. ढग उतरून खिंड झाकली गेली होती. "म्हंजी येवढंच व्हतं व्हय?"

मोहिनी सरकून तिच्या शेजारी बसली आणि टोपलीतली भाजी स्वतःकडे ओढून घेतली. झुंबरबाई आता रडत होती, आवाज न करता, पदर तोंडाला न लावता. नातू भिंत सोडून दोन पावलं आजीकडे आला आणि तिच्या गुडघ्यावर आपटला. तिने त्याला उचलून मांडीवर घेतलं. मोहिनी देठं मोडत राहिली. पाऊस वाढला. खाचरातून गोकुळ चिखलाचे पाय घेऊन वर येताना दिसला, तेव्हा ती उठून आत गेली आणि चुलीवर चहा ठेवला.